धनकवडीच्या भाकरी

इफ्तारच्या आधीची दहा-पंधरा मिनिटे आमच्या मोहल्ल्यात सर्वांत आधी मुलांना कळतात. मगरिबची अजान अजून व्हायची असते, मशिदीच्या अंगणात दस्तरखान अंथरले जात असते, कोणी खजूर वाटतो, कोणी शरबताचे पेले मांडतो, आणि रेल्वेलाइनीकडच्या झोपड्यांतली पोट्टी येऊन ओळीत बसलेलीही असतात. त्यांतल्या निम्म्यांचा रोजा नसतो. काहींचा धर्मही वेगळा असतो. कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. या महिन्याच्या आरंभी एका रविवारी त्यांतला सात-आठ वर्षांचा एक मुलगा दोन खजूर तोंडात टाकून बाकीची भजी आणि केळे कागदात बांधताना दिसला. घरी धाकटी बहीण आहे, तिच्यासाठी नेतो, असे त्याने सांगितले. दुपारी शाळेत खिचडी मिळाली असेल ना, असे मी सहज विचारून गेलो. मिळते, पण आज रविवार आहे, असे तो म्हणाला. उत्तर इतके साधे होते की मला माझ्याच प्रश्नाची लाज वाटली.

१० मार्च यंदा रोज्यांत आला. त्या दिवशी इफ्तारपूर्वी थोडे बोला, असा आग्रह मोहल्ल्यातल्या तरुणांनी धरला. त्यांच्यात कोणी गॅरेजात काम करतो, कोणी राइस मिलमध्ये हिशेब लिहितो, दोघे माझेच जुने विद्यार्थी आहेत. दर रमजानात वर्गणी गोळा करून इफ्तारचे बघणारी हीच मंडळी. मी सावित्रीबाई फुल्यांविषयी बोलतो म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यांवर अदबशीर गोंधळ दिसला. त्या दिवशी त्यांची पुण्यतिथी असते हे खरे, पण सर, इफ्तारशी त्यांचा काय संबंध, असे एकाने विचारलेच.

त्याचा दोष नाही. पाठ्यपुस्तकाने सावित्रीबाईंना दोन चित्रांत बसवून टाकले आहे. एक शाळेचे, दुसरे अंगावर उडणाऱ्या शेणाचिखलाचे. दोन्ही खरी आहेत. पण एक तिसरे चित्र आहे, चुलीपुढचे, आणि ते आपल्या मुलांना कोणी दाखवत नाही. कदाचित स्वयंपाक करणारी बाई नवलाची वाटत नसेल म्हणून असेल.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. तिथल्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये, नऊ वर्षांच्या असताना, पुण्याच्या जोतिराव फुल्यांशी लग्न झाले. नवरदेवही तेराच वर्षांचे होते. त्या वेळी जोतिरावांची शाळा सुटलेली होती. शूद्राच्या पोराने शिकून काय करायचे, असे लोकांनी गोविंदरावांच्या मनात भरवले होते आणि त्यांनी मुलाला मळ्याच्या कामाला लावले होते. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी हे उर्दू-फारसीचे शिक्षक आणि लिजिट नावाचे एक युरोपीय गृहस्थ, या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये मुलगा पुन्हा शाळेत गेला. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांवर पोट भरतो, त्यामुळे या मुन्शीजींविषयी मला जरा जास्तच माया वाटते. एका शेजाऱ्याने वेळेवर दोन शब्द टाकले नसते तर पुढचे बरेच काही घडले नसते.

जोतिराव शिकले, त्यांनी पत्नीला शिकवले, आणि १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. तिथे सावित्रीबाई शिकवू लागल्या. येता-जाता अंगावर शेण पडायचे म्हणून त्या एक जास्तीचे लुगडे सोबत नेत, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. १८४९ मध्ये समाजाच्या दबावाखाली गोविंदरावांनी मुलगा आणि सून यांना घराबाहेर काढले. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली. घरच्यांनी टाकलेल्या, गाव ज्यांच्या नावाने बोटे मोडते अशा जोडप्याला घरात घ्यायचे म्हणजे आपणही ती बोटे अंगावर घ्यायची. उस्मानभाईंनी ती घेतली. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या. फातिमांविषयी कागदावर फार थोडे उरले आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई आजारपणातून उठत माहेरी नायगावात होत्या. तिथून पतीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची काळजी केली आहे. आपण तिकडे नसल्यामुळे तिच्यावर फार भार पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, असा त्याचा आशय. शिक्षकाच्या व्यवसायात वीस वर्षे काढल्यावर मला वाटते, सहकाऱ्याविषयी याहून मोठे प्रमाणपत्र नसते.

१८५२ मध्ये सरकारने शाळांच्या कामाबद्दल जोतिरावांचा विश्रामबागवाड्यात सत्कार केला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह छापला गेला. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी दोघांनी रात्रीची शाळा काढली. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल तिथे ठेवून जावे, अशी सोय होती. त्या बाळंतिणींचे आणि टाकून दिलेल्या तान्ह्यांचे सारे सावित्रीबाई बघत. त्यांना स्वतःला मूल झाले नाही. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे सगळे मी भराभर सांगत आहे, कारण मला दुष्काळापाशी पोचायचे आहे.

१८७६ चा पाऊस दख्खनवर रुसला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर या पट्ट्यात खरीप गेले, मग रब्बीही गेली. एक साल बुडाले तर शेतकरी कसाबसा तरतो. पण इथला कुणबी आधीच कर्जात बुडालेला होता. वर्षभरापूर्वीच, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले होते. ज्याच्या कणगीत दाणा नाही आणि पदरी उधारी मिळत नाही, त्याला बाजारात धान्य असून काय उपयोग? धान्य तर होते. ते आगगाडीने बंदरांकडे जातही होते, निर्यात थांबली नव्हती. गरिबाच्या हातात ते घ्यायला पैसा नव्हता. दुष्काळात माणसे अनेकदा अशीच मरतात, दुकानाच्या पायरीवर.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळी मुलखाची पाहणी करत होते. हे टेंपल पूर्वी आपल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. सरकारी तिजोरीचा खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती उपसणाऱ्या धडधाकट पुरुषाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. दख्खनमधल्या मजुरांनी हे नाकारले आणि हजारोंच्या संख्येने ते कामावरून निघून गेले. उपाशी माणसांचा संप ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे.

आता जरा या व्यवस्थेत मूल कुठे बसते ते बघू. मदत कामाला होती. जो काम करील त्याला दाम. दगड फोडायला आई गेली, बाप गेला. दोघांना मिळून जे मिळे त्यात त्या दोघांचेच पोट भरत नसे. तीन-चार वर्षांचे लेकरू खडी फोडू शकत नाही, म्हणून हिशेबात त्याची जागा अगदी शेवटी. कामाची जागा गावापासून कोसभर किंवा त्याहून लांब. काही आईबाप मुलांना घरी ठेवून गेले आणि परत आलेच नाहीत. काही दाण्याच्या शोधात मुलूख सोडून गेले. काहींनी वाटेतच प्राण सोडला, लेकरे रस्त्यावर राहिली. त्या दोन-तीन वर्षांत एकट्या इंग्रजी मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे.

सावित्रीबाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या पुण्यात बसून राहिल्या नाहीत. सत्यशोधक मंडळींबरोबर जुन्नर भागात गेल्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतिरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते शब्दशः इथे देत नाही, पण त्यात काय आहे ते सांगतो. जमीन भेगाळली आहे, झाडांवर पान नाही, माणसे आणि जनावरे पटापट पडत आहेत. लोक पोटची लेकरे विकून गाव सोडत आहेत. सावकार या दिवसांतही लुबाडायचे सोडत नाहीत. त्यातून दंगल झाली आणि पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांनाच धरले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावले. त्यांनी त्याच्यासमोर उभे राहून आपली माणसे लोकांना जगवायला आली आहेत हे पटवून दिले. माणसे सुटली आणि कलेक्टरने जोंधळ्याच्या चार बैलगाड्या पाठवल्या.

या पत्रात मला सर्वांत जास्त भावते ते त्याचे धोरण. त्या रडत नाहीत. काय पाहिले, कोण मदतीला आले, कोण आडवा आला, किती गाड्या आल्या, एवढे सांगतात. नवऱ्याला पत्र लिहितानाही हिशेब चोख.

जोतिराव त्याच सुमारास पुण्याजवळ धनकवडीला काम उभे करत होते. आज धनकवडी पुणे शहरात कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. तेव्हा ते कात्रजच्या वाटेवरचे खेडे होते. तिथे आईबाप नसलेल्या आणि आईबाप असून नसल्यासारख्या झालेल्या मुलांसाठी छावणी सुरू झाली. तिचे नाव व्हिक्टोरिया बालाश्रम. ज्या राणीच्या नावाने दिल्लीत तोफा झाडल्या गेल्या, तिच्याच नावाने इथे भाकऱ्या भाजल्या गेल्या. जोतिरावांना विनोदबुद्धी चांगली होती. पण हा विनोद होता की सरकारी दारात पाटी उपयोगी पडेल असा व्यवहार, हे ज्याचे त्याने ठरवावे. मे १८७७ मध्ये त्यांनी जाहीर पत्रक काढून लोकांकडे मदत मागितली. रोज सुमारे हजार मुलांना तिथे जेवण मिळत असे.

हजार हा आकडा वाचून आपण पुढे जातो. मी त्या दिवशी राइस मिलमध्ये काम करणाऱ्या पोराला हिशेब करायला सांगितला. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले, तर हजार मुलांना एकेक भाकरी द्यायला रोज एक क्विंटल पीठ लागते. विजेची गिरणी तर नव्हतीच. जोंधळा जात्यावर दळायचा. सराईत बाई तासाला तीस-चाळीस भाकरी थापून भाजते. म्हणजे एकटीला पंचवीस-तीस तास. दिवसाचे तास चोवीसच आहेत. त्यामुळे किती बाया, किती चुली, किती सरपण, किती घागरी पाणी, आणि तेही पाण्याच्या दुष्काळात. हे सारे मे महिन्याच्या उन्हात. सावित्रीबाई इतर बायकांना घेऊन हे करत होत्या. शिवाय बरेच दिवस उपाशी राहिलेल्या लेकराला एकदम पोटभर देता येत नाही, त्याला थोडे थोडे द्यावे लागते, नाहीतर खाऊनच ते दगावते. म्हणजे नुसते वाढून भागत नाही, समोर बसावे लागते. सत्यशोधकांच्या पंगतीत जात विचारायची रीत नव्हती. पुढे अशी अन्नछत्रे बावन्न ठिकाणी चालली असे चरित्रकार सांगतात.

आपल्याकडे हजरत उमर यांची रिवायत लहानपणीच कानावर पडते. त्यांच्या खिलाफतीतही मोठा दुष्काळ पडला होता. रात्री फिरताना त्यांना एक बाई चुलीवर भांडे ठेवून बसलेली दिसली. भांड्यात पाणी आणि दगड होते. काहीतरी शिजते आहे या आशेवर मुले रडतरडत झोपी जातील, एवढाच तिचा उपाय. उमर बैतुलमालमध्ये गेले आणि पिठाचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन आले. सेवकाने ओझे मागितले ते दिले नाही. मग स्वतः चूल फुंकली, मुलांना जेवू घातले आणि ती हसेपर्यंत तिथेच बसून राहिले. माझ्या अम्मीने ही गोष्ट मला शंभर वेळा सांगितली असेल. मोठेपणी धनकवडीविषयी वाचले तेव्हा मला ते पोते आठवले. फरक एवढाच की उमर खलिफा होते, कोठाराची किल्ली त्यांच्याकडे होती. सावित्रीबाईंना पोते आधी मागून आणावे लागत होते.

त्या दुष्काळाचा एक धागा आपल्या दारातूनही जातो. नागपूरहून तुमसर, गोंदिया करत राजनांदगावकडे जाणारी नागपूर-छत्तीसगढ रेल्वे याच दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर बांधली गेली. १८८० मध्ये ती तुमसरला पोचली आणि दोनेक वर्षांत राजनांदगावपर्यंत गेली. तेव्हा ती मीटरगेज होती. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि रुंद केली. छत्तीसगढचा तांदूळ बाहेर काढायला घातलेली ही वाट. गोंदियाचे जंक्शन, इथल्या राइस मिल, आपल्यापैकी कितीतरी घरांच्या रोजीरोटी तिच्यावर उभ्या राहिल्या. आणि तिच्याच कडेच्या झोपड्यांतून इफ्तारला मुले येतात. धानाच्या कोठारात पोर उपाशी असणे हे मला कधीच समजले नाही. पण १८७७ मध्येही ते तसेच होते.

आज सरकार मुलांसाठी काहीच करत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे, ती योजना १९७५ ची. शाळेत दुपारी शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम, आणि वर डाळ-भाजी. सालेकसा, देवरीकडे सर्वेक्षणाला गेलेले माझे विद्यार्थी सांगतात की काही मुले सकाळी घरून काही न खाता निघतात आणि घंटा होईपर्यंत त्यांचे लक्ष फळ्यावर कमी, स्वयंपाकाच्या खोलीकडे जास्त असते. त्यामुळे या खिचडीची थट्टा करणाऱ्यांशी मी वाद घालतो.

पण तो रविवारचा मुलगा मनातून जाईना. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतच्या शाळेचे किमान दोनशे दिवस ठरवले आहेत, आठवीपर्यंत दोनशे वीस. वर्षातून ते वजा करून बघा. रविवार, सण, दिवाळी, उन्हाळा मिळून दीडशेच्या आसपास दिवस शाळेचे पातेले उपडे असू शकते. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही मुलांना जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. म्हणजे न्यायालयालाही हे दिसले होते की सुटी लागली म्हणून भूक सुटीवर जात नाही. पण दुष्काळ जाहीर व्हावा लागतो. आणि रेल्वेलाइनीकडच्या घरात, बाप आजारी पडला किंवा मिलमधले काम थांबले, की येतो तो दुष्काळ कोणी जाहीर करत नाही. धनकवडीच्या मुलांचेही हेच झाले होते. आईबापांसाठी व्यवस्था होती, तुटपुंजी का होईना. ज्या वेळात आणि ज्या जागी ती पोचत नव्हती, नेमके तिथे मूल बसलेले होते. फुले दांपत्याने ती जागा हेरली. आपण बहुधा जिथे आधीच चार ताटे आहेत तिथे पाचवे नेऊन ठेवतो. रमजानातल्या काही इफ्तार पार्ट्या बघतो तेव्हा हे फार जाणवते, पण रोज्यात कोणाविषयी वाईट बोलू नये म्हणून थांबतो.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. जुलै १८८८ मध्ये जोतिरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला तरी ते डाव्या हाताने लिहीत राहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. यशवंत दत्तक म्हणून अग्नी द्यायच्या हक्कावरून नातलगांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. बाईने असे करणे तेव्हा कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर समाजाचे काम त्यांनीच पुढे नेले. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. यशवंत डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीला लागला.

१८९६ मध्ये पाऊस पुन्हा फिरला. या वेळचा दुष्काळ आपल्या मध्य प्रांतालाही फार जाचक ठरला, इथल्या जुन्या घरांत त्याच्या आठवणी सांगणारी माणसे माझ्या लहानपणी होती, अर्थात आजोबांकडून ऐकलेल्या. पुण्यात सावित्रीबाई पासष्ट वर्षांच्या वयात पुन्हा मदतीच्या कामाला लागल्या. त्यात मुंबईहून प्लेग आला. गाठ आली की माणूस दोन-चार दिवसांत संपायचा. सोजिरांच्या झडत्या, घरे रिकामी करणे, याची दहशत रोगाइतकीच होती. लोक आजारी माणूस लपवून ठेवत किंवा टाकून पळत. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या हवेत, दवाखाना सुरू करायला लावला. रोगी आणायचे काम त्या स्वतः करत.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड कुटुंबातल्या एका मुलाला गाठ आल्याचे त्यांना कळले. त्या गेल्या. मुलाला उचलले, पाठीवर घेतले आणि दवाखान्यात घेऊन आल्या. ज्या काळात त्या वस्तीतल्या मुलाची सावलीही लोक टाळत, त्या काळात प्लेगने फणफणलेले ते अंग त्यांच्या पाठीला चिकटलेले होते. मुलगा वाचला असे सांगतात. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचे निधन झाले.

मी हिजरी हिशेब करून बघितला. ते १३१४ साल, आणि शव्वालचा पहिला आठवडा. ईद होऊन चार-पाच दिवस झाले असतील. पुण्यात त्या वर्षी ईद कशी झाली असेल, गंज पेठेतल्या घरांतून फितऱ्याचे गहू कोणाकडे गेले असतील, असे उगाच मनात येत राहिले. फितरा ईदच्या नमाजच्या आधी द्यायचा असतो, माणशी दोनेक किलो गव्हाच्या हिशेबाने, घरातल्या तान्ह्या बाळाच्या नावाचासुद्धा. हेतू एवढाच की त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये.

मशिदीच्या अंगणात मी मुंढव्याच्या रस्त्यापर्यंतच पोचलो होतो, तेवढ्यात अजान झाली. खजूर हातात आले आणि भाषण तिथेच थांबले. उरलेले इथे लिहून पुरे केले. तरुणांपैकी कोणी त्या वेळी काही बोलले नाही. तरावीहनंतर राइस मिलवाला पोरगा वही घेऊन घरी आला. त्याने पन्नास मुले, एक वेळची खिचडी, एक रविवार, असा हिशेब मांडला होता. तांदूळ तो स्वतः आणणार होता, त्याचा त्याने खर्चच धरला नव्हता. डाळ, तेल, कांदे, गॅस एवढेच. उन्हाळ्याच्या सुटीचे पान त्याने कोरे ठेवले होते, वर फक्त मे असे लिहिले होते. इफ्तारमधला फळांचा एक प्रकार कमी केला तर चार रविवार निघतात, असे त्याचे म्हणणे. काही बुजुर्गांना ते आवडले नाही. इफ्तारच्या वर्गणीतले पैसे दुसरीकडे वळवता येतात का, हा त्यांचा सवाल रास्त होता. देणाऱ्याने ज्या नीयतीने दिले तिला तडा जाऊ नये. म्हणून पोरांनी या कामासाठी वेगळी वही घातली आणि दारोदार जाऊन नव्याने मागितले.

पुढच्या रविवारी दुपारी शाळेच्या भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत पातेले चढले. शिजवणारे सगळे रोजेदार. उन्हात घामाघूम होऊन ढवळत होते आणि घशात पाण्याचा थेंब नव्हता. पन्नास मुले धरली होती, एकवीस आली. बातमी अजून पोचायची होती. खिचडी उतरवायच्या वेळी मिठाचा प्रश्न आला. रोजेदारांपैकी कोणी जिभेवर घ्यायला तयार होईना. तेव्हा त्या कागदात भजी बांधणाऱ्या मुलाला बोलावले. या वेळी तो बहिणीला घेऊन आला होता. त्याने चमचाभर फुंकून तोंडात टाकली, थोडा विचार केला, आणि मीठ कमी आहे म्हणाला.